अमानत

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाची बेटे आहेत. अबरडीनला नोकरी करणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलाने मला तिथे नेले. तासाभराचा समुद्र बोटीने ओलांडून आम्ही दक्षिणेकडच्या बेटावर उतरलो. तिथून पुढे मोटार समुद्रात घातलेल्या बांधांवरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. झाड औषधालाही दिसत नव्हते. वारा मात्र आपल्या कोकणातल्या आषाढासारखा. बांधांच्या कडेला बुडवलेल्या जहाजांचे गंजके सांगाडे पाण्यातून डोकावत होते.

या बांधांची हकीकत आधी सांगायला हवी. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने इथल्या आरमारी तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. आठशेहून अधिक माणसे मेली. तेव्हा पूर्वेकडच्या वाटा कायमच्या बंद करायचे ठरले. माणसे कमी पडली म्हणून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडलेले सुमारे १३०० इटालियन कैदी ऑर्कनीत आणले गेले. कैद्यांकडून युद्धाचे काम करून घेता येत नाही, अशी त्यांनी हरकत घेतली. त्यावर, बेटे जोडणारे रस्ते बांधायचे आहेत, असे सांगून काम चालू ठेवण्यात आले.

त्यांतले साडेपाचशेच्या आसपास कैदी लॅम्ब होम या एवढ्याशा बेटावर होते. प्रार्थनेला जागा हवी, ही त्यांची मागणी. १९४३ मध्ये त्यांना अर्धगोल पत्र्याच्या दोन शेड मिळाल्या. त्या एकाला एक जोडून त्यांनी चॅपल उभारले. मोएना गावचा दोमेनिको किओक्केत्ती हा चित्रकार त्यांचा म्होरक्या.

“खाला, आत येतेस ना?” भाच्याने विचारले. चित्रे आणि मूर्ती असलेल्या जागी आपल्यासारख्यांचे पाऊल जरा अडखळते, हे त्याला ठाऊक होते. मी आत गेले. भिंतीवरचे विटांचे आणि कोरीव दगडाचे काम नुसते रंगवलेले! वेदी सिमेंटची. दिव्यांची घरे मांसाच्या रिकाम्या डब्यांची. लोखंडी जाळी पालुंबी नावाच्या कैद्याने घडवलेली. समोर बीबी मरियम आणि बाळ ईसा. आईने दिलेले छोटे धार्मिक चित्र किओक्केत्तीने जवळ जपले होते, त्यावरून त्याने हे रंगवले. मरियमच्या नावाचा सूरा आपण कुराणात वाचतो. मला परके वाटले नाही.

आपल्याला सारी जमीनच मशीद मानायला सांगितले आहे. स्वच्छ जागा आणि किब्ल्याची दिशा मिळाली की पुरे. मग दिवसभर दगड-सिमेंट वाहून थकलेल्या या माणसांनी एवढा खटाटोप का केला असेल? बाहेर त्यांनीच केलेला संत जॉर्जचा पुतळा आहे. आत काटेरी तार, वरून सिमेंट. ज्या तारेने कोंडले, तीच त्यांनी कामाला लावली. त्यांना निदान एक जागा कैदखान्यासारखी न दिसणारी हवी असावी.

सप्टेंबर १९४४ मध्ये कैदी गेले. किओक्केत्ती काम पुरे करायला मागे थांबला. पुढे छावणी पाडली गेली, चॅपल मात्र तसेच ठेवले. ऑर्कनीचे लोक बहुतांशी प्रोटेस्टंट, साध्या चर्चमध्ये जाणारे. हे चॅपल कॅथलिकांचे, तेही कालच्या शत्रूंचे. तरी १९५८ मध्ये त्यांनी देखभालीसाठी समिती नेमली. १९६० मध्ये किओक्केत्तीला बोलावून रंगकाम दुरुस्त करून घेतले. परतताना त्याने पत्र लिहून चॅपल बेटवासीयांच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये तो पत्नीसह पुन्हा आला, तो लाकडात कोरलेली चौदा चित्रे भेट घेऊन. १९९९ मध्ये तो वारला.

आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. महाराष्ट्रालाही ती नवी नाही. मुसलमानाचे घर नसलेल्या कित्येक गावांत आजही मोहरमला ताबूत बसतात. माझ्या आजोळच्या पिराला दिवा लावतात ते शेजारचे कुणब्याचे घर. त्यांचे कौतुक आपण सभांमधून सांगतो. सांगायलाच हवे. पण मोटारीत बसताना माझ्या मनात दुसराच हिशेब चालू होता. आपल्या मोहल्ल्याने दुसऱ्या कुणाची अशी एखादी जागा सांभाळली आहे का? भाच्याला विचारले. तो म्हणाला, “घरी गेल्यावर अम्मीला विचारू.”