भंगाराच्या काट्यावर गेलेले स्टुडिओ

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्याची ती आठवण. कॅमेऱ्यासाठी स्तंभ उभारणारी गावं देशात किती असतील? आणि त्याच आपल्या गावात, आजूबाजूच्या तालुक्यांत, जुन्या फोटो स्टुडिओंतले सागवानी कॅमेरे भंगाराच्या काट्यावर चढतायत. पितळ वेगळं, लाकूड वेगळं, काच वेगळी.

मी तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय. आता दुरुस्तीला फारसं काही येत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो येतात. "दादा, आजोबांचा कॅमेरा आहे, किती येतील?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

कुठले कॅमेरे म्हणतोय मी? तिपाईवर उभा केलेला, पुढे लेन्स, मधे हार्मोनियमसारखा भाता, मागे घासलेली काच आणि डोक्यावर काळं कापड घेऊन आत बघणारा फोटोग्राफर. त्या काचेवर माणूस उलटा दिसायचा. रोल नव्हता, एका फोटोला एक प्लेट. फुल प्लेट म्हणजे ६.५ बाय ८.५ इंच, हाफ प्लेट म्हणजे ४.७५ बाय ६.५ इंच.

पहिली गोष्ट, किंमत बहुतेक वेळा लेन्समध्ये असते. लोक अख्ख्या कॅमेऱ्याचा लांबून फोटो पाठवतात. तसं नको. लेन्सच्या कडेवर कोरलेलं नाव, आकडे आणि नंबर वाचता येईल असा जवळून फोटो काढा. डालमेयर, रॉस, कुक, व्हॉइग्टलेंडर, झाइस, गोर्झ, यांतलं एखादं नाव दिसलं तर थांबा. पुष्कळ कंपन्यांच्या नंबरांवरून साल काढता येतं. नुसतं नावही पुरत नाही. झाइसची टेसार १९०२ सालची रचना, पण नंतर ती इतकी बनली की साधी टेसार आजही सहज मिळते. उलट डालमेयरची १८६६ च्या पेटंटची पोर्ट्रेट लेन्स घ्या. तिचा मागचा भाग थोडा फिरवला की चेहरा मऊ दिसायला लागतो. तिला शोधत फिरणारी माणसं आजही आहेत.

दुसरी गोष्ट, काच तपासा. अंधारात लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती असतेच. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा चिकटवणारा थर सुटलाय. दोन्हींनी भाव पडतो, पण शून्य होत नाही. भाताही तसाच तपासा. आत टॉर्च ठेवून खोलीत अंधार करा, घडीच्या कोपऱ्यांतून उजेडाचे ठिपके दिसतात का बघा.

तिसरी गोष्ट, संच मोडू नका. प्लेट होल्डर, लेन्स बसवायची फळी, घासलेली काच, तिपाईचा स्क्रू, यांतलं एक गेलं तरी घेणारा पैसे कापतो. होल्डर तर हमखास हरवलेले असतात, आणि त्यांच्याशिवाय कॅमेरा नुसता शोकेसमधला.

चौथी, कृपा करून पितळ चकचकीत करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नाही. मूळ लाखेचा थर गेला की जाणकार माणूस हात मागे घेतो. मऊ ब्रशने धूळ झटकायची, बास.

आणि "देशी आहे हो, याला कोण विचारतंय" असं म्हणू नका. केरळात आळप्पुळ्याला करुणाकरन यांच्या कारखान्यात बनणारा सागवानी 'वागीश्वरी' कॅमेरा एकेकाळी देशभरातल्या स्टुडिओंत होता. आता तो जपून ठेवणारे लोक आहेत.

भाव कसा ठरवायचा? इंटरनेटवर दिसते ती मागितलेली किंमत. लाखभर मागायला काय जातंय! प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, तोच भाव. आणि कोणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मागच्या पावसाळ्याआधी जवळच्याच तालुक्याच्या गावातून एका काकूंचा फोन आला. सासऱ्यांचा स्टुडिओ, गाळा रिकामा करायचा होता, मुलं पुण्याला. भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून चार हजार सांगितले होते. सगळ्याचे म्हणजे एक फुल प्लेट कॅमेरा, दोन लेन्स आणि काचेच्या निगेटिव्हच्या दोन ट्रंका. मी गेलो. एक लेन्स साधी निघाली. दुसरी डालमेयर, आणि नंबरावरून शंभर वर्षांपेक्षा कितीतरी जुनी.

परदेशातल्या एकाने फोटो बघून इथल्यापेक्षा दुप्पट किंमत देऊ केली. "कुरिअरने पाठवा, खेळणं म्हणून लिहा" म्हणाला. इथे एक लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, विज्ञान-कलेचा इतिहास सांगणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तशी नाही असा दाखला हवा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करायचा. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मामंजींनी आयुष्यभर कुणाला खोटं बिल दिलं नाही. राहू दे ते." मुलगा फोनवर चिडला, त्याचंही बरोबर होतं, गाळ्याचं भाडं तुंबलेलं होतं. शेवटी मुंबईच्या एका संग्राहकाने लेन्स पंचावन्न हजाराला नेली, कॅमेऱ्याचे बारा आले. चार हजारांचे सदुसष्ट हजार झाले. सगळे खूश.

राहिल्या ट्रंका.

अकराशेच्या आसपास प्लेटा. त्या कोणालाच नको होत्या. संग्राहकाला लेन्स हवी होती. भंगारवाल्याला काच हवी होती, गरम पाण्यात थर धुऊन फ्रेमला वापरायला. जुन्या स्टुडिओंच्या हजारो काचा अशाच धुतल्या गेल्यात. त्यातल्या काही आज कुणाच्या तरी भिंतीवर देवाच्या तसबिरीला असतील.

सोबत सासऱ्यांची वही होती. नंबर, तारीख, नाव. '४१२, मॅट्रिकचा वर्ग, १९५३'. '५७७, पैलवान, गदेसह'. '६०३, मयत, घरी जाऊन'. एका पानावर फक्त 'मुलगी दाखवण्यासाठी' असं अकरा वेळा. त्या गावातल्या कितीतरी बायकांचा आयुष्यातला हा एकच फोटो असेल. प्लेट उजेडासमोर धरली की काळ्या चेहऱ्यात पांढरे डोळे दिसतात, आणि कडेला शाईने घातलेला नंबर.

या प्लेटा शंभर वर्षांच्या झालेल्या नाहीत, म्हणून कायद्याच्या लेखी त्या पुरावशेष नाहीत. बाजारात त्यांना भाव नाही. एका वाचनालयात विचारलं, "जागा नाही" म्हणाले. सध्या त्या माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत. तळमजल्यावर ठेवायची माझी हिंमत नाही. २०१९ च्या पुरात भिजलेल्या प्लेटा मी हाताळल्यात. जिलेटिनचा थर फुगतो, एक काच दुसरीला चिकटते, सोडवायला गेलं की चेहरा निघून येतो.

मागणी फार मोठी नाही. गुरुग्रामला कॅमेऱ्यांचं अख्खं संग्रहालय उभं राहिलंय, तसं उद्याच इथे व्हावं असं मी म्हणत नाही. करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठ, महापालिका, कुणीही एक कोरडं कपाट द्यावं. कॉलेजच्या पोरांनी सुट्टीत बसून प्लेटांचे फोटो काढावेत, वहीतली नावं टाइप करावीत. पांढऱ्या उजेडावर प्लेट ठेवून साध्या कॅमेऱ्यानेही काम होतं. शिकवायला मी येतो, फुकट.

आणि तुमच्या घरी असा स्टुडिओ असेल तर विका, जरूर विका. पैशाची गरज लाजायची गोष्ट नाही. फक्त विकताना काचा आणि वही वेगळी काढा. प्लेट कडेने धरा, पाण्याने पुसू नका, कागदी पाकिटात घालून उभी ठेवा. आणि वही काचांपासून तोडू नका, नाहीतर नुसते चेहरे उरतील.

कपाट असलेल्यांनी इनबॉक्समध्ये यावं. पावसाळा जवळ आलाय.