कारण न सांगणारी बाई

इंग्रजी कवितेच्या वाड्यात एक खाष्ट बाई राहते. नाव भारदस्त: ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. एका खलाशानं अ‍ॅल्बट्रॉस पक्षी मारला आणि पुढे त्याचे काय हाल झाले, एवढंच तिला सांगायचं असतं. पण त्यासाठी ती ६२५ ओळी घेते आणि मध्येच कुणाला उठू देत नाही.

तिचा जन्म झाला तो पैशापायी. १७९७ च्या नोव्हेंबरात कोलरिज, वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी सॉमरसेटच्या डोंगरांत पायी भटकायला निघाले. खिसे हलके. दोघा कवींनी मिळून एक कविता पाडावी, मासिकाला पाच पौंडांना विकावी आणि वाटखर्च काढावा, असा बेत ठरला. वर्ड्सवर्थनं पक्षी मारण्याची आणि समुद्रातल्या शक्तींनी सूड घेण्याची कल्पना दिली, थोड्या ओळी दिल्या आणि अंग काढून घेतलं. पोर एकट्या कोलरिजच्या गळ्यात पडली.

वयाची तिला भारी हौस, पण उलटी. बायका वय चोरतात म्हणतात, हिनं वाढवून सांगितलं. १७९८ मध्ये दोघा कवींच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाच्या पहिल्याच पानांवर ती अवतरली ती जुनाट स्पेलिंगांचं लुगडं नेसून, जणू काही शतकांपूर्वीचीच. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ, विषुववृत्तावरचा निवांत पडलेला समुद्र, सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगायची. जन्मदात्यानं मात्र तोवर एकही लांबची सफर केली नव्हती. तरी थाट असा, की खलाशी मंडळी फसली. ही दर्यावर्दी गाण्यांची चोपडी असावी, असं समजून त्यांनीच पुस्तकाच्या बऱ्याच प्रती नेल्या, असं प्रकाशकाकडून ऐकल्याचं पुढे कोलरिज सांगायचा.

घरात मात्र तिला मान नव्हता. १८०० च्या आवृत्तीत वर्ड्सवर्थनं तिला पहिल्या पाटावरून उठवून पहिल्या खंडात शेवटून दुसऱ्या पाटावर बसवलं. शिवाय टीप लिहून तिचे दोष चारचौघांत मोजून दाखवले. नायकाला ठळक स्वभाव नाही, तो स्वतः काही करत नाही, त्याच्यावर नुसतं गुदरत राहतं, वगैरे. बाईनं मुकाट जुनी स्पेलिंगं टाकली. हट्ट नाही टाकला.

माणूस पकडण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. लग्नघरी चाललेल्या तिघांतला नेमका एक गाठायचा. तो नवऱ्या मुलाचा जवळचा नातलग, आत वाजंत्री सुरू झालेली, जेवणाची वेळ. म्हातारा खलाशी त्याचा हात धरतो. तो झिडकारतो, हात सुटतोही. मग म्हातारा नुसता बघतो आणि पाहुणा दगडावर बसकण मारतो. पंगतीला निघालेला माणूस असा कीर्तनात अडकतो.

तिचा राग कळायला हवा असेल, तर जहाजावरच्या बाकीच्यांचं काय झालं ते पाहावं. पक्षी धुक्यातून आला तेव्हा त्यांनीच त्याला खाऊ घातलं, हाकेला तो यायचा, नऊ संध्याकाळी जहाजावर येऊन बसला. खलाशानं त्याला बाण मारला तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले: वारा आणणारा पक्षी मारलास! धुकं विरून सूर्य दिसला, तशी तीच तोंडं म्हणू लागली, बरं केलंस, धुकं आणणारा पक्षी होता. वारा पडला, पाणी संपलं, तेव्हा पुन्हा फिरली आणि मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात अडकवून मोकळी झाली. वारा येईल तशी पाठ देणाऱ्या या दोनशे माणसांना बाईनं एकजात मारून टाकलं. मारणाऱ्याला जिवंत ठेवलं. निवाडा तरी कसा? एका भुताळी जहाजावर दोघांनी फासे टाकले. न्यायाधीश नाही, साक्षीपुरावा नाही.

इतकी कठोर, पण एका जागी विरघळते. सात दिवस, सात रात्री मेलेल्यांचे डोळे खलाशावर रोखलेले. प्रार्थना करायला जावं तर ओठांवर येत नाही. चांदण्यात जहाजाच्या सावलीतले पाणसाप त्याला दिसतात. निळे, हिरवे, मखमली काळे. मघाशी त्यांचीच त्याला किळस आली होती. आता नकळत मनातून आशीर्वाद निघतो आणि गळ्यातला पक्षी आपोआप सुटून समुद्रात पडतो. ‘नकळत’ यावर बाईचा फार भर. ठरवून केलेला पश्चात्ताप तिच्याकडे खपत नाही.

बोलकी तर इतकी, की १८१७ मध्ये तिनं समासात टिपाही लिहून घेतल्या. कोणतं भूत कुठून आलं, सोबत्यांचा अपराध काय, सगळं खुलासेवार. फक्त पक्षी का मारला, हे तिथंही नाही. मूळ हकिगतीत कारण होतं, बरं का. शेल्व्हॉक या दर्यावर्दीच्या १७२६ च्या प्रवासवर्णनात हॅटली नावाचा अधिकारी काळा अ‍ॅल्बट्रॉस मारतो. वादळानं जीव नकोसा झालेला, पक्षी अपशकुनी वाटलेला, मारला तर वारा अनुकूल होईल ही आशा. वर्ड्सवर्थनं पक्षी आणला तो याच पुस्तकातून. बाईनं पक्षी घेतला, कारण तेवढं टाकून दिलं. गुन्ह्याची कबुली पहिल्या भागाच्या शेवटी दीड ओळीत येते आणि भाग तिथंच संपतो.

तिचा दरारा पुढच्या पिढीनंही ओळखला. कोलरिज गॉडविनच्या घरी ती म्हणून दाखवायचा, तेव्हा गॉडविनची छोटी मुलगी मेरी सोफ्याआड लपून ऐकायची, असं सांगतात. १८१८ मध्ये त्याच मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ आलं. त्यातला ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रात ग्वाही देतो, की मी अ‍ॅल्बट्रॉस मारणार नाही. सृष्टीच्या कामात हात घालणाऱ्या नायकाकडे, व्हिक्टरकडे, मात्र कारणांची रास आहे: ज्ञान, कीर्ती, मानवजातीचं भलं. वाचता वाचता आपण त्याची बाजू घेऊ लागतो.

कवयित्री बारबॉल्डबाईंनी एकदा कोलरिजला सांगितलं, कवितेत तात्पर्यच नाही. तो म्हणाला, उलट जास्तच झालंय. ‘अरेबियन नाइट्स’मधल्या त्या व्यापाऱ्यासारखं हवं होतं: खजूर खाऊन बिया फेकतो, एक बी जिनाच्या मुलाच्या डोळ्यात जाते आणि जिन जीव घ्यायला उभा राहतो. खरंच, सगळ्या प्राण्यांवर प्रेम करा असं बाई शेवटी सांगते ते जरा शाळेतल्यासारखं वाटतं. कारण दडवलं, तिथंच तिचा खरा शहाणपणा. ते दिलं असतं, तर आपण केव्हाच वकील होऊन खलाशाला जामीन मिळवून दिला असता.