जनरेटर बंद पडल्यावर

आमच्या वडिलांची ढोलकी वर्षभर धान्याच्या कोठीवर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली असते. मार्च सरता सरता ते ती खाली काढतात, कड्या सरकवतात आणि शाईवर बोट मारून कान लावून बसतात. यंदाही त्यांनी ती काढली. मी घरातच होतो, पण काही बोललो नाही. कारण चौदा एप्रिलला गायनपार्टी नको, डीजे आणायचा, असे आम्हा पोरांच्या बैठकीत ठरले होते आणि वर्गणीची वही माझ्याच हातात होती!

“म्हाताऱ्यांची गाणी आता कोण ऐकते?” असे बैठकीत मीच म्हणालो होतो. कॉलेजात जाणाऱ्या पोराचे वाक्य. लगेच मानले गेले.

मेहकर तालुक्यातले आमचे गाव ते केवढे! मिरवणूक निघाली तशी घराघरांची पत्रे थरथरू लागली. गंमत अशी की, डीजेवर वाजत होते तेही प्रल्हाद शिंद्यांचेच गाणे, नव्याने ठोकून काढलेले. फक्त त्यातला एकही शब्द कळत नव्हता. आम्ही नाचलो. खोटे कशाला सांगू, मजा आली.

मग चौकात जनरेटरने मान टाकली. दोर ओढून ओढून पोरांचे हात दुखले, पण तो काही बोलेना. अंधारात माणसे पांगू लागली, तोच विहाराच्या पायऱ्यांवरून ढोलकीची थाप आली. वडील, एक पेटीवाले काका आणि खंजिरीवर आमचे थोरले मामा. माईक नाही, काही नाही. त्यांनी वामनदादा कर्डकांचे गाणे धरले. पहिली ओळ मामांनी म्हटली आणि दुसऱ्यांदा ती बायांच्या घोळक्यातून आपोआप परत आली. झील धरायला कोणाला सांगावे लागले नाही. निघालेली माणसे परत येऊन बसली.

या गाण्यांची जादू कशात आहे, याचा मी तेव्हापासून विचार करतो. चाली पुष्कळदा कव्वालीच्या वा सिनेमाच्या, म्हणजे कानाला आधीच ओळखीच्या. शब्द रोजच्या बोलण्यातले. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते घरी नेता यावेत, अशी सारी बांधणी. आंबेडकरी जलशांपासून ही रीत चालत आली आहे. वामनदादा स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कोणी पत्र वाचायला दिले, ते वाचता येईना म्हणून ते रडले आणि मोठेपणी अक्षरे शिकले, असे सांगतात. पुढे हजारो गाणी लिहिली. २००४ साली मे महिन्यात ते गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. माझा जन्म त्यानंतरचा. विठ्ठल उमप तर २०१० साली दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. माझ्या वडिलांना शाळा माहीत नाही. बुद्ध, बाबासाहेब, संविधान हे सारे त्यांच्याकडे या तिघांच्या गळ्यातून आले. माझ्याकडे ते क्रमिक पुस्तकातून आले. परीक्षा झाली की मी विसरतो, ते विसरत नाहीत.

म्हणजे, विसरत नसत. त्या रात्री चौथ्या कडव्याला ते अडले. ढोलकी वाजत राहिली, शब्द येईनात. मामांनी पुन्हा ध्रुवपद धरून वेळ निभावली.

घरी येताना ते म्हणाले, “तुले लिहिता येते ना बाप्पा? आठवते तेवढं लिहून घे एक डाव. मंग राहीन नाही राहीन.” बैठकीतले ते वाक्य कोणाचे, हे त्यांच्या कानावर आले होते की नाही, मी विचारले नाही.

जवळ दुसरी वही नव्हती. वर्गणीच्या वहीत पुढच्या पानावर डीजेची रक्कम लिहिली आहे. मागच्या पानापासून गाणी सुरू केली आहेत. आतापर्यंत तेवीस झाली. त्या गाण्याच्या चौथ्या कडव्यासाठी चार ओळींची जागा सोडली आहे. पेटीवाले काका दिवाळीला लेकीकडून परत येणार आहेत, त्यांना विचारायचे आहे.