राणी हिराईची लेक

मुलांनो, मागच्या हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची सहल चंद्रपूरला गेली. गोंड राजांची ही जुनी राजधानी. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा अशा चार दरवाजांचा परकोट बघत बघत आम्ही बीरशाह राजाच्या समाधीशी आलो.

"ही राणी हिराईनं बांधली," मी सांगितलं.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी पुढं आली. "बाई, ही आमची गोंडांची राणी?"

"हो गं!"

तिचा चेहरा फुलला. माझी मान मात्र खाली गेली. पहिलीत ती गोंडीत बोलायची, तेव्हा मीच तिला गप्प केलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीची गोष्ट तिनंच सांगितली. आधी गोंडीत, मग मराठीत. अन् बाई बसल्या ऐकायला!