तीन काठ्या आणि एक दगड

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला संकटाचा धडा पुस्तकांतून घ्यावा लागत नाहीं. आमच्या नृसिंहवाडीस पावसाळ्यांत नदी देवळाच्या पायऱ्या चढून येते, श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या द्वारानें बाहेर पडते, आणि त्या पाण्यांत स्नान करावयास दूरदूरची भाविक मंडळी जमतात. ह्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तीच नदी २००५, २०१९ आणि २०२१ सालीं सोहळ्याची मर्यादा ओलांडून लोकांच्या घरांत शिरली. अशा गांवांत आपत्काळीं काय करावें हा प्रश्न निघाला तर त्यास कोणी पोरखेळ म्हणणार नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्यांत आमच्या कुटुंबांत हा प्रश्न ज्या रूपानें निघाला, त्यानें घरांत बराच वाद माजविला. तो वाद आज ना उद्यां पुष्कळ घरांत उभा राहील असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

पुण्यास शिकणारा आमचा नातू सुटींत आला, तो रानांत एकटें पडल्यास जीव कसा तगवावा ह्या विद्येचें वेड घेऊनच. शहरांतील मुलांना अलीकडे हिची मोठी गोडी लागली आहे. विस्तव पाडणें, आसरा उभारणें, पाणी शोधणें यांच्या जोडीला तींत लांकडाचे सापळे कोरण्याचाही पाठ असतो. त्याला तीन काठ्यांचा सापळा करावयाचा होता, आणि चाकू हातीं घेतांना कोणी वडील माणूस शेजारीं असावें ही त्याच्या आईची अट होती. ती कामगिरी आमच्याकडे आली. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, त्यांच्या कानीं हें जातांच ते ओसरीवर आले आणि म्हणाले, "महाराजांच्या क्षेत्रांत, आपल्याच ओसरीवर बसून, जीव मारण्याचें यंत्र कोरावयाचें? मुलाला शिकवावयास दुसरें कांहीं उरलें नाहीं काय?"

ह्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं तें यंत्र काय आहे तें वाचकांस सांगितलें पाहिजे. एक जड, सपाट दगड एका कडेनें भुईवर टेकवून त्याची दुसरी कड तीन काठ्यांवर उचलून धरावयाची, एवढेंच त्याचें मर्म. पहिली काठी उभी. हिला खुंट म्हणूं. दुसरी तिरपी, तिच्या वरच्या टोंकावर दगडाचा भार, आणि त्याच्याच जरा खालीं एक खाच, ती खुंटाच्या डोक्यावर बसते. तिसरी आडवी, तिचें बाहेरचें टोंक तिरप्या काठीच्या खालच्या टोंकास अडवून धरतें, मधली चौकोनी खाच खुंटाच्या कडेस धरते, आणि आंतलें टोंक दगडाखालीं जातें. आमिष तेथें लावावयाचें. तिन्ही जुळल्या म्हणजे इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखी आकृति होते, आणि त्या सापळ्याचें इंग्रजी नांवही त्यावरूनच पडलें आहे. आपल्या देवनागरी चाराशीं तिचें कांहींच साम्य नाहीं, हें पाटीवर दोन्ही आंकडे काढून आम्हीं नातवास दाखविलें.

शाळेंत तरफेचा धडा शिकलेल्या कोणासही ह्यांतील युक्ति उमगेल. दगड तिरप्या काठीचें वरचें टोंक खालीं दाबतो. खुंटाचें डोकें हा टेकू. म्हणून तिचें खालचें टोंक बाहेर निसटूं पाहतें. त्यास आडवी काठी ओढून धरते. दगड जितका जड, तितकी ही ओढ अधिक. पण ती सारी करंगळीच्या नखाएवढ्या खाचेवर तोललेली असते. आमिषास धक्का लागला कीं खाच खुंटावरून सुटते, काठ्या तीन दिशांस उडतात आणि दगड खालीं येतो. खिळा नाहीं, दोरी नाहीं, लोखंडाचा चाप नाहीं. तीन पदांचा जणूं समासच तो. एक पद काढलें कीं सगळा अर्थ कोसळला.

कोरण्याचें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. औदुंबराच्या फांदीस आमच्या गांवांत कोणी हात लावीत नाहीं, हें सांगावयास नको. आम्हीं परसांतील पेरूची छाटलेली फांदी आणि बाभळीच्या वाळक्या काटक्या घेतल्या. काठी अंगठ्याएवढी जाड आणि वीत-दीड वीत लांब असावी. पातें नेहमीं अंगापासून दूर चालवावें. चौकोनी खाचेसाठीं आधीं दोन आडवे छेद घ्यावे आणि मग मधलें लांकूड थोडथोडें उडवावें. खाच फार खोल झाली तर सापळा सुटत नाहीं. उथळ झाली तर लागतच नाहीं. तिच्या कडा गोल राहिल्या तर लावणाऱ्याच्याच बोटांवर दगड यावयाचा. पूर्वीं विटीदांडू आणि गलोल मुलें स्वतःच तासून करीत, तेव्हां ही समज त्यांच्या हातांत आपोआप येई. आतां ती मुद्दाम द्यावी लागते. दगडाच्या ठिकाणीं आम्हीं एक जुना पाट वापरला. तो प्रथमच धाडकन् पडला तेव्हां माजघरांतील मंडळी बाहेर धांवत आलीं आणि लहान मुलांनीं टाळ्या पिटल्या.

दादांचा प्रश्न मात्र तसाच उभा होता. तो टाळण्यासारखा नव्हता, कारण ही कला आपल्या परंपरेस अपरिचित आहे असें म्हणण्याची सोय नाहीं. अमरकोशाच्या शूद्रवर्गांत वीतंस, उन्माथ, कूटयंत्र आणि वागुरा हे सापळ्याचे व जाळ्याचे शब्द ओळीनें दिले आहेत. आपल्या खेड्यांत सशाडुकरांच्या जाळ्यास वाघूर म्हणतात, ती ह्या वागुरेचीच लेक. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या बाराव्या अधिकरणांत देवदर्शनास आलेल्या शत्रूवर यंत्र सोडवून शिळा पाडण्याची युक्ति सांगितली आहे. तेव्हां वस्तु जुनी आहे. प्रश्न इतकाच कीं ती आपण हातीं धरावी कीं नाहीं.

आम्हीं दादांपुढें आपद्धर्माचा आधार ठेवला. महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्माचें स्वतंत्र प्रकरण आहे. पण आम्हांस त्याहूनही नेमकी वाटते ती छांदोग्योपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची कथा. कुरुदेशांतील पिकें नष्ट झालीं आणि हा विद्वान् ब्राह्मण पत्नीसह हत्तीवाल्यांच्या गांवीं अन्नावांचून दिवस काढूं लागला. एक हत्तीवाला कुल्माष, म्हणजे शिजविलेलें हलकें कडधान्य, खात बसला होता. उषस्तीनें त्याच्याजवळ तेंच उष्टें मागून घेऊन खाल्लें. मग त्यानें पाणी देऊं केलें तेव्हां उषस्ति नको म्हणाला. धान्य उष्टें चाललें आणि पाणी कां चालत नाहीं, असें विचारतां त्यानें उत्तर दिलें तें असें कीं, तें अन्न मिळालें नसतें तर जीव गेला असता. पाणी मात्र मला हवें तेव्हां मिळतें. आपद्धर्माची सारी मर्यादा ह्या एका कथेंत आली आहे. प्राण जात असतां जें क्षम्य, तें सोयीसाठीं क्षम्य नव्हे.

दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. मग ह्या सापळ्यांत कुल्माष कोणते आणि पाणी कोणतें, तें आधीं ठरवा. नंतर मुलाच्या हातीं चाकू द्या."

आमच्या मतें हाच त्या वादाचा कणा होता. आम्हीं नातवाला घेऊन तें ठरविण्याचा प्रयत्न केला. अन्नावांचून निरोगी माणूस कांहीं आठवडे काढूं शकतो. पाण्यावांचून तीन दिवसही कठीण. रानांत वाट चुकलेल्या माणसास प्रथम आसरा हवा, मग पाणी हवें, आणि शोधणाऱ्यांस आपण दिसावें म्हणून एका जागीं राहण्याचा धीर हवा. दोन दिवसांत ज्याची सुटका व्हावयाची, त्यास सापळ्याची गरज नाहीं. २०१९ च्या पुरांत चहूंकडे पाणीच पाणी असतां आम्हांस चिंता पडली होती ती पिण्याच्या पाण्याची. माडीवर कोंडलेल्या आम्हां चौदा माणसांत भरलेली एक कळशी ही त्या वेळीं शंभर सापळ्यांहून मोलाची होती. तेव्हां सापळ्याचा खरा प्रसंग शहरी माणसाच्या आयुष्यांत बहुधा कधींच यावयाचा नाहीं. आला, तर तो उषस्तीच्या कुल्माषासारखा. बाकी सर्व वेळ, मौजेखातर जीव धरणें हें दुसरें भांडें होय, आणि त्यास नको म्हणतां आलें पाहिजे.

देशाचा कायदाही तेंच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानें शिकारीच्या व्याख्येंत केवळ बंदूक धरली नाहीं. पकडणें, फासांत अडकविणें, सापळा लावणें, आमिष दाखविणें आणि ह्यांपैकीं कशाचाही प्रयत्न करणें, हें सर्व तींत येतें. रानांत हौसेनें लावलेला सापळा रिकामा राहिला तरी लावणारा निर्दोष ठरत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट आम्हांस बोलल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं जतन केली, त्या फासेपारध्यांचें नांवच फाशांवरून पडलें आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनीं इंग्रज सरकारनें अनेक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. पारधीही त्यांत आले. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनांतला शिक्का अद्यापि पुसला गेला नाहीं. पारध्याच्या मुलाच्या हातीं फास दिसला तर गांव पोलिसांस बोलावितें. आमच्या नातवाच्या हातीं सापळा दिसला तर त्यास आपण कौशल्य म्हणतों आणि शिबिराचें शुल्कही भरतों. हा भेद चाकूंत नाहीं, काठींत नाहीं. आम्हीं शाळेंत असतां पारध्याचें एक मूल वर्गांत शेवटच्या रांगेंत बसत असे. पक्ष्याच्या नुसत्या आवाजावरून तो कोणत्या झाडावर आहे हें तें सांगे. आणि त्याच्या त्या ज्ञानास गुण द्यावे असा रकाना आमच्या प्रगतिपुस्तकांत नव्हता. नातवास हें सांगितलें तेव्हां काठी खालीं ठेवून त्यानें विचारलें, "मग आजोबा, आम्हांला हें शिकवायला ते लोक कां नाहीं येत?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं वाचकांवर सोंपवितों.

शेवटीं दादांनीं संमति दिली, ती मुद्राराक्षसाच्या दुसऱ्या अंकामुळें. चंद्रगुप्तावर पाडण्यासाठीं राक्षसाच्या पक्षाच्या दारुवर्मा नांवाच्या सुतारानें यंत्राचें तोरण रचलें होतें. चाणक्यानें चंद्रगुप्ताच्या हत्तिणीवरून पर्वतकाच्या भावास आधीं पाठविलें. हत्तिणीची चाल बदलली, तोरणाचा नेम चुकला आणि तें पडलें बर्बरक माहुतावर, जो राक्षसाचाच माणूस होता. विशाखदत्तानें येथें सापळ्याचा सर्वांत मोठा दोष दाखविला आहे. बाण सोडणाऱ्यास डोळे असतात, सापळ्यास नसतात. लावणारा निघून जातो, आणि मागाहून जो येईल, मांजर, वासरूं, शेजाऱ्याचें पोर, तो त्या दगडाखालीं सांपडतो.

ह्यावरून आमच्या घरांत तीन नियम झाले. पहिला, आडव्या काठीस आमिष कधींही लावावयाचें नाहीं. बोटानें अथवा काडीनें सोडवून पाहावयाचें. दुसरा, सापळा लावून जागेवरून उठावयाचें नाहीं. उठण्यापूर्वीं तिन्ही काठ्या निरनिराळ्या करावयाच्या. तिसरा, दगड नव्हे, पाटच. आणि तोही आपल्या अंगणांतच. हे नियम ठरल्यावर दादा स्वतः ओसरीवर येऊन बसूं लागले, आणि पेरूपेक्षां बाभळीची खाच अधिक दिवस टिकते हा शोध त्यांचाच.

वाडीच्या भूमींत हा विचार पुरा करावयाचा तर श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूताचें स्मरण केल्यावांचून तो पुरा होत नाहीं. त्यानें केलेल्या चोवीस गुरूंत पतंग, मासा, हरिण आणि हत्ती आहेत. पतंग रूपास भुलला, मासा गळाच्या आमिषास, हरिण गीतास, हत्ती स्पर्शास. कपोत पिलांच्या मायेनें जाळ्यांत उतरला. आणि त्याच मालिकेंत बाण तासणारा कारागीरही आहे, ज्याला आपल्या कामाच्या तंद्रींत शेजारून गेलेल्या राजाची स्वारीही कळली नाहीं. म्हणजे फसणारेही गुरु आणि एकाग्र मनानें लांकूड तासणाराही गुरु.

मुलांच्या हातीं चाकू व काठी देण्यांत आम्हांस जो लाभ दिसला, तो ह्या दोहोंचा. तास-दीड तास एका खाचेवर मन ठेवण्याची संवय आज दुर्मिळ झाली आहे. ती येथें न बोलतां लागते. आणि ज्यानें स्वतः सापळा रचला, त्याला कळतें कीं सापळ्याचें बळ दगडांत नसून आमिषांत आहे. दगड नुसता वाट पाहत असतो. पुढील आयुष्यांत स्वस्त कर्ज, फुकट बक्षीस, गोड शब्द असें कांहीं समोर आलें म्हणजे हात पुढें करण्यापूर्वीं वर पाहावें, एवढी बुद्धि ह्या तीन काठ्यांनीं मुलांस दिली, तर ओसरीवर पडलेला तो कचरा झाडून काढण्याचे कष्ट आम्ही आनंदानें करूं.