गोड आवाजाचा माणूस

मामूजान कुवेतहून आले तेव्हा टेपरेकॉर्डरबरोबर एक कॅसेट होती. गाणारा कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. भाषाही कळत नव्हती. अम्मी म्हणाली, "आवाज गोड आहे, वाजू दे." पुढे कॉलेजात असताना कळले, तो अमेरिकेचा नॅट किंग कोल. भाषा स्पॅनिश, आणि ती त्यालाही येत नव्हती! १९५८ च्या 'कोल एस्पान्योल'साठी त्याने शब्दांचे नुसते ध्वनी पाठ केले होते. उच्चार चुकायचे, तरी लॅटिन अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतले.

नॅट १९१९ मध्ये अलाबामात जन्मला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. आधी तो जाझचा पियानोवादक, मग गायक. १९४८ मध्ये 'नेचर बॉय' गाजले, गोऱ्यांच्या घराघरांत त्याची तबकडी पोचली. त्याच वर्षी त्याने लॉस एंजेलिसच्या हॅन्कॉक पार्कमध्ये घर घेतले. शेजारी म्हणाले, इथे नकोशी माणसे आलेली आम्हाला चालणार नाहीत. मलाही नाही, कुणी दिसले तर पहिली तक्रार मीच करीन, असे तो म्हणाला. (मला असे उत्तर दोन दिवसांनी सुचते.)

१० एप्रिल १९५६ ला बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अलाबामात, तो फक्त गोऱ्या श्रोत्यांपुढे गात होता. काही गोरे मंचावर चढले, त्याला पाडले. त्याच रात्री काळ्या श्रोत्यांसाठीचा वेगळा कार्यक्रम मात्र त्याने केला. यानंतर काळ्यांच्या वृत्तपत्रांनी त्यालाच धारेवर धरले: असा वेगळा बसवलेला श्रोता तू मान्यच का केलास? मग तो एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कसंघटनेचा आजीव सभासद झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एनबीसीने त्याला स्वतःचा कार्यक्रम दिला. आधी पंधरा मिनिटे, नंतर अर्धा तास. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे यांच्यासारखे लोक किरकोळ मानधनावर येऊन गेले. पण देशभरासाठी एकही प्रायोजक मिळाला नाही. दक्षिणेत माल खपणार नाही, ही भीती. डिसेंबर १९५७ मध्ये नॅटनेच तो थांबवला. १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघे ४५.

बी.एड.च्या पाठानंतर एक परीक्षक मला म्हणाले होते, "तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो!" मी "शुक्रिया" म्हणायच्या ऐवजी "धन्यवाद" म्हटले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. इकडे खालाजान विचारते, "मराठीत कशाला लिहितेस, बेटा? कुणासाठी?" दोघांनाही माझ्याकडे उत्तर नाही. नॅटवर मी पूर्वी रागवायची, इतका गोड का राहिलास म्हणून. आता तेवढी रागवत नाही. पण पूर्ण माफही केलेले नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या सहावीच्या मुलींनी मराठी गाणे बसवले. सगळ्यांनी ते वहीत उर्दू लिपीत उतरवले होते. उर्दूत 'ळ'साठी अक्षर नाही. कुणी 'लाम'वर टिंब दिले होते, कुणी दोन 'लाम' काढले होते. एकीने ती जागा कोरीच सोडली होती. विचारले तर म्हणाली, "टीचर, ते मी तोंडातच ठेवलंय."