दादींची भेटवही

सुलतानपूरच्या त्या जुन्या घरात दुकानाच्या वह्यांखेरीज आणखी एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीने बांधायची, दिसायला बाकीच्या वह्यांसारखीच. परंतु तीत ना सोयाबीनचा भाव आहे, ना कोणाची उधारी. थोरल्या नातीच्या पहिल्या दिवाळीपासून नातवंडांना काय दिले, ते कितीला घेतले आणि पुढे त्याचे काय झाले, एवढेच दादींनी तीत लिहिले आहे. रकाने तीन. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात रक्कम. तिसरा पुढच्या दिवाळीला विचारपूस करून भरायचा. 'उपयोगात', 'धाकटीस दिले' अथवा 'बुडीत'. व्यापाऱ्याच्या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ नांदलेल्या स्त्रीला बुडीत खात्याचे भय उरत नाही. तरीही हा तिसरा रकाना वाचणाऱ्याला थोडा अस्वस्थ करतो. बाहुली, बुडीत. विमान, तुळशीच्या लग्नाच्या आत बुडीत. तीनचाकी सायकल तेवढी एकापाठोपाठ तिघांकडे फिरली आणि अखेर शेजारच्या मुलाला गेली. तिची नोंद दादींनी दोन ओळी भरून केली आहे.

यंदा धनत्रयोदशीच्या आधीच त्या सुनेला सोबत घेऊन मेहकरच्या बाजारात गेल्या. मुलगा, सून आणि तीन नातवंडे पुण्याहून दिवाळीसाठी आली होती. पाचव्या अणुव्रताचे पालन म्हणून दादींनी स्वतःच्या साड्यांचे, भांड्यांचे, दागिन्यांचे परिमाण फार पूर्वीच बांधून घेतले आहे. स्वतःसाठी त्यांना काहीच घ्यायचे नव्हते. म्हणूनच की काय, दुसऱ्यासाठी निवडताना त्या अतिशय काटेकोर होतात. अकरा वर्षांच्या नातवाला क्रिकेटचा खरा लाल चेंडू हवा होता. तो चामड्याचा; म्हणून नको. मग बॅडमिंटन? दुकानदाराने पिसांची फुले दाखवली. दादींनी ती हातात न घेताच नायलॉनची मागितली. थोरली चित्रे काढते, तिच्यासाठी कुंचले पाहायचे तर प्रत्येकाचे केस कशाचे, याची चौकशी. खारीच्या आणि डुकराच्या केसांचे कुंचले बाजूला पडले, कृत्रिम तंतूंचे निवडले गेले. सहा वर्षांच्या धाकटीला लाखेच्या बांगड्या भुरळ घालत होत्या. लाख ही किड्यांपासून मिळते, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. काचेच्या घेतल्या. रेशमी परकराचा तर प्रश्नच नव्हता. उकळत्या पाण्यात टाकलेल्या हजारो कोशांचे वस्त्र अंगावर घालून निर्वाणोत्सव कसला साजरा करायचा?

दुकानदार शेवटी हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही वस्तू घ्यायला आलात की तपासणीला?"

"दोन्ही," दादी म्हणाल्या.

वस्तू निर्दोष मिळाल्या. दादींच्या मनातली सल मात्र त्याहून निराळी होती. गेल्या वर्षी नातवाने हट्ट धरला आणि दादींनी टॅबलेटसाठी अकरा हजार रुपये दिले. चामडे नाही, रेशीम नाही, कोणताही दोष नाही. ते उपकरण आले आणि नातू गेला, म्हणजे घरातच, पण माजघराच्या कोपऱ्यात. पूर्वी गल्ल्यावर मांडी घालून बसणारा, पारड्यात वजने टाकून खेळणारा, "दादी, शेर म्हणजे किती?" असे विचारणारा मुलगा जेवायलाही तीन हाकांखेरीज उठेना. यंदा वही उघडून दादी त्या नोंदीपाशी थांबल्या. 'उपयोगात' म्हणावे तर अगदी सकाळपासून उपयोगात. 'बुडीत' म्हणावे तर वस्तू धडधाकट. तिसरा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

आपल्या घरांत दिवाळीच्या दिवसांतली संध्याकाळ इतरांहून लांब असते. सूर्य सहाच्या आत मावळतो, जेवणे त्यापूर्वी उरकलेली असतात, आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतल्यावर स्वयंपाकघराला काम उरत नाही. प्रतिक्रमणानंतर झोपेपर्यंतचा तो रिकामा पट्टा पुण्यात दूरचित्रवाणीच्या वाट्याला जातो. दादींनी यंदा तिघांना बोलावून सांगितले की बाजारातली भेट पाडव्याला मिळेल, परंतु दुसरी भेट आजपासून, आणि ती प्रत्येकाला वेगळी. मग त्यांनी फळीवरची वाळूची घडी खाली काढली. सामायिकासाठी वापरायची ती घडी. वरची वाळू खाली उतरायला 48 मिनिटे, म्हणजे बरोबर एक मुहूर्त.

"हे सामायिक नव्हे," त्यांनी आधीच बजावले. सामायिकात संसाराची गोष्ट निघत नाही, आणि येथे तर संसाराच्याच गोष्टी निघणार होत्या. घेतले होते ते केवळ माप. त्या मापापुरते एक नातवंड आणि एक दादी. फोन दोघांचेही बाजूला. दादींचाही, हे विशेष, कारण त्यांच्या फोनवर दिवसभर शुभेच्छांचे दिवे लुकलुकत असतात आणि त्यांना उत्तर न देणे दादींना जड जाते.

धाकटीने पहिल्या दिवशी सगळी 48 मिनिटे वाळूकडे पाहण्यातच घालवली. थोरलीचा वाटा दुपारी घ्यायचा ठरला आणि तिच्यासाठी दादी लोणारला गेल्या. गाव इतके जवळ असूनही सरोवराच्या काठावर त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. बेसाल्ट खडकात उल्कापाताने कोरलेला तो सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा, खाली खारे हिरवट पाणी. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गुडघ्यांमुळे दादी खाली उतरल्या नाहीत. काठावर आसन टाकून त्या बसल्या आणि नात नव्या कुंचल्यांनी रंगवत राहिली. दोघी फारसे बोलल्याच नाहीत. घडी दोनदा उलटली.

नातवाचा वाटा सर्वांत कठीण. पहिल्या संध्याकाळी तो वाळू किती उरली एवढेच विचारत होता. दुसऱ्या दिवशी दादींनी त्याच्यापुढे दुकानाची जुनी रोजमेळाची वही ठेवली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दुकानाने कोणाचे द्यायचे ते देणे बाकी, दुकानाला कोणाकडून यायचे ते येणे बाकी. मुलगा गणितात हुशार. पान संपण्याच्या आत त्याने आजोबांची बेरजेतली एक चूक शोधून काढली, आणि हयात नसलेल्या माणसाची चूक सापडल्याचा आनंद दादींनाही लपवता आला नाही.

दुकानाचा विषय निघाला की मोठी माणसे मात्र आवाज खाली आणतात. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने एके काळी रात्रंदिवस मालमोटारी जात. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांब पल्ल्याची वाहने तिकडे वळली. दुकान नोकराच्या भरवशावर चालत नाही, आणि मुलाचे मत असे की बाईंनी आता पुण्यालाच यावे. यंदाचे वहीपूजन येथले शेवटचे ठरू शकते, हे सर्वांना ठाऊक होते. "महासतीजींचा विहार झाल्यावर बोलू," एवढेच दादी म्हणत. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांनी निर्णयाला मुदत मिळवली होती.

वहीपूजनाला मुलाने कोऱ्या पानावर 'श्री' चे शिखर रचले आणि नेहमीप्रमाणे गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी मागितली. शालिभद्र कोण, असे धाकटीने विचारले, आणि त्या संध्याकाळी घडी तिघांसाठी एकदम उलटली. राजगृहीत सोळा रत्नकंबले विकायला आली. एकेकीची किंमत सव्वा लाख सुवर्णमुद्रा. श्रेणिक राजालाही ती परवडली नाहीत. शालिभद्राच्या मातेने, भद्रेने, सगळी घेतली, कारण सुना बत्तीस होत्या. एकेकीचे दोन तुकडे करून तिने वाटले. सुनांनी पाय पुसले आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिले.

"वीस लाख बुडीत," नातू तात्काळ म्हणाला.

"हिशेब बरोबर. आता खिरीचा सांग." आणि दादींनी मागच्या जन्मातल्या गरीब संगमाची गोष्ट सांगितली: शेजाऱ्यांकडून दूध-तांदूळ मागून आईने केलेली एका थाळीची खीर, आणि मासखमणाच्या पारण्यासाठी दारात आलेले मुनिराज. संगमाने सगळी खीर पात्रात ओतली. नातवाने दुधा-तांदळाचा भाव मनात धरला, पुटपुटला, आणि रक्कम सांगितलीच नाही. वाळू केव्हा संपली ते कोणी पाहिले नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भेटवही त्याच्या हाती आली. स्वतःच्या नावाची पाने त्याने वरपासून वाचली, 'बुडीत' दिसले की हसला, आणि शेवटच्या ओळीपाशी आला.

"हा रकाना कोरा का?"

"मला भरता आला नाही, बेटा."

"मग कोण भरणार?"

"ज्याच्या नावे माल, त्याने सांगायचे."

त्याने काहीच सांगितले नाही. टॅबलेट नंतरही निघाला, रोज निघाला. पण संध्याकाळी घडी फळीवरून खाली काढण्याचे काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतले.

ज्ञानपंचमीला पुस्तके आणि लेखण्या पाटावर मांडून झाल्या, आणि दुपारी गाडी पुण्याला निघाली. घर एकदम मोठे झाले. दादींनी यंदाच्या नोंदी करायला वही उघडली: कुंचले, रॅकेट, बांगड्या, रकमा. 48 मिनिटांची नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी, हे त्यांना सुचेना, म्हणून ती घेतलीच नाही. मग पान उलटताना गेल्या वर्षीची ओळ दिसली. टॅबलेटच्या तिसऱ्या रकान्यात मुलाच्या तिरप्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिले होते: 'येणे बाकी'.

वहीत पेन्सिलीची नोंद चालत नाही, हा त्या दुकानाचा जुना दंडक. दादींनी ती तशीच राहू दिली.